कर्करोग आणि वनौषधी : सदाफुली, नरक्या व तालीसपत्राच्या निमित्ताने

प्रास्ताविक

सुमारे बारा वर्षांपूर्वी स्तनातील कर्करोगाचे निदान झालेल्या एका रुग्णेचा मुलगा माझ्या चिकित्सालयात आला. "डॉक्टर, सदाफुलीत कॅन्सरचे औषध असते, हे खरे का?" एवढेच त्याने विचारले. "खरे आहे," असे सांगून मी पुढच्या रुग्णाकडे वळलो. पाच महिन्यांनी तो आईला घेऊन आला, तेव्हा गाठ फुटून व्रण झाला होता व काखेतही गाठी हाताला लागत होत्या. इतके दिवस घरी रोज सकाळी सदाफुलीच्या पानांचा रस चालू होता. त्यानंतर कर्करोग रुग्णालयात उपचार झाले. परंतु वर्षभरातच ती रुग्णा दगावली. माझे उत्तर खोटे नव्हते, ते अर्धे होते. उरलेले अर्धे उत्तर वैद्यबंधू-भगिनी व फार्मसीचालक यांच्यापुढे मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संहितेतील अर्बुद

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची व गलगंड यांसमवेत अर्बुदाचे वर्णन केले आहे. वाटोळे, स्थिर, मंद वेदनेचे, खोल मूळ असलेले, सावकाश वाढणारे व न पिकणारे, अशी त्याची लक्षणे आहेत. सहा प्रकारांपैकी रक्तार्बुद व मांसार्बुद असाध्य मानले आहेत. चिकित्सास्थानात लेप व स्वेदाबरोबरच शस्त्र, क्षार आणि अग्नी यांचा निर्देश आहे. अर्बुदाचा अंश शिल्लक राहिल्यास ते पुन्हा वाढते, असा इशाराही आहे. प्रत्येक अर्बुद म्हणजे कर्करोग नव्हे, हे मान्य करूनही एक गोष्ट स्पष्ट होते. केवळ एखाद्या पाल्याच्या रसावर विसंबून काळ घालवावा, असे आपल्या शास्त्राने कोठेही सांगितलेले नाही.

सदाफुली

ही वनस्पती मूळची मादागास्करची. संहिताकाळी ती आपल्याकडे नव्हती. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. त्या निमित्ताने कॅनडात तिचा अभ्यास सुरू झाला. रक्तशर्करा कमी होण्याऐवजी प्रयोगातील उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनी १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन वेगळे केले. त्यापाठोपाठ आलेल्या व्हिनक्रिस्टिनला १९६३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. बालकांच्या रक्तकर्करोगात त्याचे स्थान आजही महत्त्वाचे आहे.

परंतु या वनस्पतीत शंभराहून अधिक अल्कलॉइड्स असून ही दोन द्रव्ये अत्यल्प आहेत. एक ग्रॅम द्रव्यासाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. व्हिनक्रिस्टिनची मात्रा शरीराच्या पृष्ठभागानुसार, बहुधा आठवड्यातून एकदा आणि सामान्यतः २ मि.ग्रॅ.च्या मर्यादेत, केवळ शिरेतून दिली जाते. शिरेबाहेर गेल्यास तेथील ऊतींचा नाश होतो. पानांच्या रसात मात्रा निश्चित नसते, शोषणाची खात्री नसते; इतर अल्कलॉइड्सचा उपद्रव मात्र होऊ शकतो.

नरक्या

सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्गच्या जंगलांत आढळणारा हा दुर्गंधी वृक्ष. नंदुरबार येथे जन्मलेले मनसुख वाणी व मन्रो वॉल यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षापासून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. तेच द्रव्य आपल्या नरक्यातही असल्याचे १९७२ मध्ये भारतीय संशोधकांनी दाखविले. मात्र या द्रव्याच्या सोडियम क्षाराच्या मानवी चाचण्या तीव्र अतिसार, रक्तमूत्रता व मज्जाक्षय यांमुळे थांबवाव्या लागल्या. रेणूत बदल करून तयार केलेली टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधे १९९६ पर्यंत वापरात आली. जे मूळ द्रव्य रुग्णालयाच्या देखरेखीतही झेपले नाही, त्याच्या सालीचे चूर्ण रुग्णाला देणे कितपत योग्य, याचा विचार व्हावा. शिवाय निर्यातीसाठी संपूर्ण झाडे तोडली गेल्याने सह्याद्रीतील नरक्या झपाट्याने घटला आहे.

तालीसपत्र

हा विषय फार्मसीचालकांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. तालीसादि चूर्णातील ग्राह्य द्रव्य म्हणजे एबीस वेबियाना. बाजारात मात्र त्याच नावाने हिमालयातील थुनेर, म्हणजे टॅक्सस वॉलिचियाना, येत असतो. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरील औषध, जे वॉल व वाणी यांनीच १९७१ मध्ये प्रसिद्ध केले, ते टॅक्सस कुळातील आहे. म्हणून "हेच तालीसपत्र अधिक गुणकारी" असा समज पसरतो. वस्तुतः त्या पानांतील टॅक्सिन हृदयाला विषारी आहे. ओळख सोपी आहे. एबीसच्या पानाचे टोक खाचदार असून खालच्या बाजूस दोन पांढऱ्या रेषा असतात. आडव्या छेदात राळनलिका दिसतात. टॅक्ससच्या पानाचे टोक अणकुचीदार असते, पांढऱ्या रेषा व राळनलिका नसतात. थुनेर १९९५ पासून साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. खरेदीच्या वेळी वनस्पतीचे शास्त्रीय नाव बिलावर लिहून घ्यावे.

वैद्याचे कार्यक्षेत्र

केमोथेरपी वा किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाला आपल्याकडून पुष्कळ मिळू शकते. मुखपाकात यष्टीमधूचे कवल-गंडूष, अरुचीत व मलावष्टंभात अग्नी पाहून पथ्ययोजना, उपचारानंतर बलवर्धन, ही कामे आपली आहेत. मात्र दोन बंधने पाळावीत. पहिले, रुग्ण जे काही घेत आहे ते कर्करोगतज्ज्ञास लेखी कळवावे. दुसरे, पिप्पली-मरिचयुक्त योग केमोथेरपीच्या काळात स्वतःच्या जबाबदारीवर देऊ नयेत. आपण ज्या गुणाला योगवाही म्हणतो, त्याचेच दुसरे रूप प्रयोगशाळेत दिसले आहे. पायपेरिन औषधांचे विघटन करणाऱ्या सायटोक्रोम ३ए४ या एन्झाइमला अटकाव करते. व्हिनक्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल व इरिनोटेकॅन यांचे विघटन याच एन्झाइमवर कमी-अधिक अवलंबून असल्याने त्यांची विषाक्तता वाढण्याचा धोका संभवतो.

फार्मसीचालकांनी हेही ध्यानी ठेवावे की, १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या परिशिष्टात कर्करोगाचा समावेश आहे. "कॅन्सरवर रामबाण" अशी जाहिरात हा गुन्हा आहे.

उपसंहार

आज कोणी मला तोच प्रश्न विचारला, तर मी त्याला समोर बसवून सांगतो : "होय, सदाफुलीपासून औषध तयार होते. पण पान म्हणजे ते औषध नव्हे. आईला याच आठवड्यात कर्करोगतज्ज्ञाकडे न्या. तेथील कागद घेऊन माझ्याकडे या, पुढे मीही बरोबर आहे." हे सांगायला दोन मिनिटे लागतात. तेवढा वेळ प्रत्येक वैद्याने द्यावा, हीच नम्र विनंती.