भाचीला, एम.टीएच.ला जाण्याआधी

बी.डी. झालं, आता एम.टीएच. करून सेमिनरीत शिकवायचं, असं तू परवा म्हणालीस. मी तेव्हा गप्प राहिलो, कारण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं. बरीच वर्षं शिकवण्यात गेली, त्यातून कळलं ते सांगतो.

पाचारण झालंय असं चटकन म्हणू नकोस. आधी सहा महिने शब्बाथशाळेचा वर्ग घे. काइनाला बायको कुठून मिळाली, असं एखादं पोर विचारणारच. उत्तर येत नसेल तर ‘पुढच्या रविवारी सांगते’ म्हण, आणि खरंच सांग. मधल्या आठवड्यात ते शोधताना कंटाळा येतो की जेवणाचीही आठवण राहत नाही, यावर लक्ष ठेव. छान उपदेश करणाऱ्याला सगळेच म्हणतात, तुम्ही सेमिनरीत शिकवा. पण उपदेश अर्ध्या तासात संपतो. शिक्षकाला त्याच विद्यार्थ्याची तीच चूक पाचव्यांदा तपासावी लागते, आणि तेव्हाही त्याच्याबद्दल माया शिल्लक असावी लागते. याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना सावध करूनच सुरू होतो. नवं वर्ष सुरू व्हायच्या आदल्या रात्री मी तो वाचत असे.

तुझा वर्ग पाहिलेल्या दोघांना विचार. त्यातला एक तुझ्याशी न पटणारा असू दे.

पदवी सेरामपूरच्या सिनेटची. आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, हुगळीकाठचं. ते कॉलेज 1818 चं, आणि पदव्या देण्याचा अधिकार त्याला डेन्मार्कच्या राजाच्या 1827 च्या सनदेनं मिळाला. तिथल्याच विल्यम केरीनं 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं होतं. जुना करार घेणार असशील तर हिब्रू आत्तापासून धर. अक्षरं बावीसच आहेत, पण क्रियापदं दम काढतात. रोज दहा शब्द, सकाळी, मोठ्यानं म्हणून.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाचन इंग्रजीत होईल, प्रबंधही इंग्रजीत. दोन वर्षांत तू देवाविषयी इंग्रजीतच विचार करायला लागशील आणि ते तुझ्या लक्षातही येणार नाही. म्हणून रोज रात्री वाचलेल्याबद्दल पाच ओळी मराठीत लिही आणि सुट्टीत आलीस की मामीला वाचून दाखव. तिला कळलं नाही, तर तुलाही अजून कळलेलं नाही. पंडिता रमाबाईंसारखी संस्कृतची विदुषी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली ती कशासाठी? केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या साध्या बायकांना शास्त्र त्यांच्या बोलीत वाचता यावं म्हणून. 1922 मध्ये वारल्या तोवर त्या बायबलचं भाषांतर करतच होत्या. तू शिकशील ती ज्यांच्यासाठी, त्यांची भाषा हातची जाऊ देऊ नकोस.

पैशाचं थोडक्यात. शिफारसपत्र मागतानाच विचार, फीला मदत किती आणि परतल्यावर कुठे, किती वर्षं सेवा करायची. उत्तर लेखी घे. मी तोंडी शब्दावर गेलो होतो. परत आलो तेव्हा शब्द देणारे बदललेले होते, आणि दोन वर्षं मनस्तापात गेली.

रविवारी उपासनेनंतर घरी ये. माझा हिब्रू कोश काढून ठेवलाय, घेऊन जा. शीन आणि ताव या अक्षरांची पानं सुटली आहेत, सांभाळून उलट.