आधी शेवटचं बटण दाब

बाळा,

परवा फोनवर तू विचारलंस, 'काका, स्टुडिओत एडिटिंगला कुठलं सॉफ्टवेअर टाकू? फुकटातलं चालेल का?' चालेल. पण कुठलंही डाउनलोड केलंस की पहिल्या दिवशी एवढंच कर. मोबाइलवर काढलेल्या तीन क्लिप घे, एकापुढे एक जोड, खाली वधूवरांची नावं मराठीत लिही आणि लगेच एक्स्पोर्टचं बटण दाब. इफेक्ट, ट्रान्झिशन, रंग यांच्याकडे त्या दिवशी ढुंकूनही बघू नकोस. तयार झालेली फाइल मोठ्या टीव्हीवर लाव आणि शेवटपर्यंत बघ. कोपऱ्यात कुणाचं नाव उमटतंय का, पूर्ण एचडीसाठी पैसे मागतंय का, आवाज ओठांच्या मागे पडतोय का, हे सगळं त्या एका बटणामागे दडलेलं असतं.

मी हे ठेच लागून शिकलो. एका लग्नाचं मिक्सिंग मी सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्तीवर केलं होतं. अकरा रात्री बसलो. पाठवणीचा प्रसंग इतका सुरेख जमला होता की मीच तो चार वेळा पाहिला. मग एक्स्पोर्ट केलं, आणि नवरीच्या रडवेल्या चेहऱ्यावर आडवा वॉटरमार्क. सत्यनारायणाच्या पूजेला पाहुण्यांना फिल्म दाखवायचं कबूल केलेलं. परवाना विकत घेऊन पुन्हा फाइल काढेपर्यंत पूजा होऊन पाहुणे गेलेसुद्धा. मुलीचे वडील काही बोलले नाहीत. धाकटीच्या लग्नाला मात्र त्यांनी दुसरा फोटोग्राफर बोलावला.

आता 'फुकट' या शब्दाचा अर्थ नीट समजून घे. एक फुकट म्हणजे चव दाखवायला दिलेला घास, पोट भरायचं तर पैसे मोजायचे. दुसऱ्या प्रकारात कंपनी सॉफ्टवेअर खरोखर देते, कारण तिची कमाई दुसरीकडून होते. डाविंची रिझॉल्व्ह ब्लॅकमॅजिक डिझाइनचं, आणि ती कंपनी कॅमेरे आणि यंत्रं विकते. ॲफिनिटी २०२४ मध्ये कॅनव्हाने घेतलं आणि २०२५ मध्ये सगळ्यांना मोफत केलं, फक्त कॅनव्हाचं खातं लागतं. तिसरा प्रकार मुक्त सॉफ्टवेअरचा. गिंप, क्रिता, डार्कटेबल, केडेनलाइव्ह, शॉटकट ही त्यातली नावं. त्यांचा कोड सगळ्यांसाठी उघडा असतो, म्हणून एखाद्याने काम सोडलं तरी दुसऱ्याला ते पुढे नेता येतं. गिंप दोन विद्यार्थ्यांनी बर्कलीत लिहायला घेतलं. १९९६ साली ते लोकांसमोर आलं आणि २०२५ मध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती आली.

हा फरक पोटापाण्याचा आहे. पिकासावर आपल्याकडच्या किती स्टुडिओंनी फोटो लावून ठेवले होते. २०१६ मध्ये ते थांबलं. विंडोज मूव्ही मेकर जानेवारी २०१७ मध्ये बंद झालं. जून २०२० मध्ये सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात विवाव्हिडिओ होतं. म्हणून मोफत सॉफ्टवेअर कंपनीचं असलं तरी जरूर वापर, पण काम त्याच्या पोटात ठेवू नकोस. लेअर असलेली मूळ फाइल एक, तयार फोटो वेगळा, आणि कॅमेऱ्यातून आलेलं सगळं दोन हार्ड डिस्कवर. त्यातली एक घरी. जेपीजी फाइल दरवेळी उघडून, बदलून पुन्हा सेव्ह केली की थोडी थोडी झिजते, म्हणून दुरुस्ती नेहमी मूळ फाइलवरच करायची.

फोटोचं काम बघू. पासपोर्ट फोटो, रीटचिंग, जुन्या फोटोवरचे डाग काढणं, एवढ्याला गिंप पुरून उरतं. रॉमध्ये काढत असशील तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी. अल्बम लॅबला जाणार असेल तर बहुतेक लॅब एसआरजीबी जेपीजीच मागतात, तिथे गिंपचं काही अडत नाही. फ्लेक्स किंवा ऑफसेटवरच्या पत्रिकेला सीएमवायके लागतं आणि तिथे गिंप अजून तोकडं आहे. त्याला ॲफिनिटी घे किंवा क्रिता. ग्राहकाने पीएसडी पाठवली आणि नुसती उघडून बघायची असेल तर ब्राउझरमध्ये फोटोपी उघड, काही टाकावं लागत नाही.

फोटोशॉप वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझा हात त्याच्यावरच बसला. पण २०१३ पासून ॲडोबीने त्याच्या नव्या आवृत्त्या फक्त भाड्याने द्यायला सुरुवात केली. महिन्याचं भाडं तुझ्या महिन्याच्या कामातून सहज निघत असेल तर घे, आणि करार मध्येच मोडला तर काय द्यावं लागतं ते आधी वाच. आपल्याकडे काम लग्नसराईतच येतं. आषाढ-श्रावणात स्टुडिओ रिकामा असतो, भाडं मात्र चालूच राहतं. तू नुकता सुरुवात करतोयस, तुला पहिलं वर्ष याच्याशिवाय काढता येईल.

त्या पैशात रॅम वाढव. हिशेब करून दाखवतो. बारा बाय छत्तीसचं अल्बमचं पान ३०० डीपीआयला ३६०० बाय १०,८०० पिक्सेल होतं, म्हणजे जवळजवळ चार कोटी पिक्सेल. एका पिक्सेलला चार बाइट धरले तर एक लेअर सुमारे १५५ एमबीचा. वीस लेअर टाकलेस की तीन जीबी गेले. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मग कितीही महागडं सॉफ्टवेअर टाक, माउस हलवायला वेळ लागणार. आधी सोळा जीबी रॅम आणि एसएसडी, मग बाकीचं.

आता आपल्या अक्षरांचं. परदेशात बनलेल्या कित्येक सॉफ्टवेअरना देवनागरी नीट मांडता येत नाही, आणि हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही. टेक्स्टच्या चौकटीत एवढं टाइप कर: 'चि. विठ्ठल, ज्येष्ठ, कीर्ती, तऱ्हा, शक्ती, श्री.' मग मोठं करून एकेक अक्षर बघ. 'चि'ची वेलांटी 'च'च्या मागे जाऊन बसली, 'ज्ये'मध्ये 'ज'चा पाय मोडलेला दिसला, 'तऱ्हा'मधला 'र' सुटा उभा राहिला, तर ते सॉफ्टवेअर मराठीच्या कामाचं नाही. निदान त्यातलं अक्षरकाम तरी नाही. गिंपमध्ये युनिकोड मराठी व्यवस्थित बसतं. फोटोशॉपमध्येसुद्धा भारतीय लिपीची सेटिंग निवडली नाही तर वेलांट्या उलट्या होतात. व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये अडलंच तर नावाची पट्टी गिंपमध्ये बनव, पारदर्शक पीएनजी काढ आणि ती क्लिपवर ठेव. मी कित्येक लग्नं अशी काढली. फॉन्टही चोरून आणू नकोस. मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्त' आणि 'बलू' हे दोन्ही फॉन्ट मोकळ्या परवान्याचे आहेत, व्यवसायात वापरले तरी चालतात. वधूचं नाव चुकीच्या वेलांटीने छापलेला अल्बम त्या घरात पन्नास वर्षं राहतो, म्हणून हे इतकं सांगतोय.

व्हिडिओला रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती फार मोठी देणगी आहे. सिनेमाचे रंग ज्यावर बांधतात तेच हे. ३८४० बाय २१६० पर्यंत वॉटरमार्कशिवाय फाइल निघते. मात्र अंधाऱ्या मंडपातल्या चित्रीकरणावरचे दाणे घालवणारी सोय पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीतच आहे, आणि यंत्रही दणकट लागतं. ते पैसे एकदाच भरायचे असतात, महिन्याला नाही. लॅपटॉप साधा असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह. दोन्हीत प्रॉक्सी बनवता येतात: मूळ क्लिपच्या हलक्या नकलांवर काम करायचं आणि एक्स्पोर्टला मूळ क्लिप आपोआप वापरल्या जातात.

मोबाइलच्या क्लिपबद्दल सावध राहा. फोन सेकंदाला ठरावीक फ्रेम घेत नाही, उजेडाप्रमाणे कमी-जास्त करतो. म्हणून अर्ध्या तासाच्या मंगलाष्टकांत शेवटी आवाज पुढे आणि ओठ मागे असं होतं, आणि नवखा माणूस सॉफ्टवेअरला दोष देतो. शॉटकट अशी क्लिप ओळखून ती एडिटिंगजोगी करून देऊ का असं विचारतं. इतरांसाठी हँडब्रेकमधून फ्रेमरेट स्थिर करून घे, तेही फुकट आहे.

राहता राहिलं क्रॅक. कुणी पेन ड्राइव्हवर 'फुल व्हर्जन' आणून देईल, दहापैकी नऊ जण तेच वापरतात असंही सांगेल. घेऊ नकोस. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात कलम ६३ब आहे. चोरीचं आहे हे माहीत असून संगणकावर वापरलं तर किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. माझं मन मात्र कायद्याने वळलं नव्हतं. असल्याच एका क्रॅकमधून माझ्या संगणकात व्हायरस शिरला, सकाळी सगळ्या फाइलींची नावं बदललेली आणि एकही उघडेना. चार लग्नं गेली. त्यातल्या एका नवरदेवाचे आजोबा पंधरवड्यात वारले होते आणि त्यांचे अखेरचे फोटो त्याच फाइलींत होते. त्या घरी जाऊन सांगताना माझे पाय उचलत नव्हते.

म्हणून मोफत घे, पण सरळ वाटेने घे, आणि ते बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घे. पहिल्या लग्नाचे पैसे हातात आले की ज्या मुक्त सॉफ्टवेअरवर काम केलंस त्यांना पाचशे रुपये देणगी पाठव. ती माणसं आपल्यासारखीच रात्री जागतात.

शनिवारपर्यंत तीन क्लिप जोडून, खाली 'चि. विठ्ठल' लिहून मला पाठव. मी इथे टीव्हीवर लावून शेवटपर्यंत बघतो आणि फोन करतो.