तलवार म्यानात घाल



शाळा-कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलांना कधीतरी एक प्रश्न ऐकावा लागतो : "तुमचा धर्म तलवारीच्या जोरावर आला ना?" मुले घरी येऊन तोच प्रश्न आपल्याला विचारतात आणि आपण बहुधा विषय बदलतो. या रविवारी आपण विषय न बदलता इतिहासाकडे सरळ पाहू या.

युरोपात काय घडले?

मध्ययुगाच्या अखेरीस युरोपात राजसत्ता आणि धर्मसत्ता एकमेकींत गुंतलेल्या होत्या. राजाचे युद्ध ते देवाचे युद्ध, अशी समजूत होती. १४५२ साली पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला एक आज्ञापत्र दिले. मुसलमान व इतर अख्रिस्ती लोकांचे प्रदेश जिंकण्याची आणि त्या लोकांना गुलाम करण्याची मुभा त्यात होती. पुढच्याच वर्षी, १४५३ मध्ये, तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकले, त्यामुळे युरोपातील भीती आणखी वाढली. १४९२ साली स्पेनच्या राजा-राणीने ग्रॅनाडा हे शेवटचे मुसलमानी राज्य घेतले आणि त्याच वर्षी यहुद्यांना देशाबाहेर घालवले. हीच मनोवृत्ती घेऊन जहाजे समुद्रावर निघाली.

आपल्या किनाऱ्यावर

१४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला. १५१० साली अल्बुकर्कने गोवा घेतला तेव्हा शहरातील मुसलमानांची कत्तल झाली. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांच्या हाती आली. गोव्यात देवळे पाडली गेली आणि १५६० साली धर्मन्यायालय सुरू झाले. हे सारे खरे आहे. आपल्या शेजाऱ्यांच्या पूर्वजांना ते सोसावे लागले, म्हणून ते झाकून ठेवणे आपल्याला शोभत नाही.

दुसरा आवाजही होता

पण इतिहास एवढाच नाही. धर्मयुद्धे चालू असतानाच, १२१९ साली, असिसीचे संत फ्रान्सिस नि:शस्त्र होऊन इजिप्तच्या सुलतानाला भेटायला गेले. सुलतानाने त्यांना मानाने परत पाठवले. १५३७ साली पोप पॉल तिसरे यांनी जाहीर केले की, ख्रिस्ती नसलेल्या लोकांचेही स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येत नाही. इंग्लंडहून गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी इथल्या लोकांची भाषा आत्मसात केली आणि मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापले गेले.

वसईचेही पाहा. १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला आणि तिथले पोर्तुगीज राज्य संपले. श्रद्धा केवळ तलवारीवर उभी असती, तर ती तलवारीबरोबरच गेली असती. तसे झाले नाही. वसईच्या गावागावांतून आजही घंटा वाजते.

आपल्या जालन्याकडे पोर्तुगीज राज्य कधी आलेच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेचे मिशनरी मराठवाड्यात आले, तेव्हा इथे निजामाचे राज्य होते. आपल्या आजी-आजोबांपर्यंत सुवार्ता शिपायांनी नव्हे, धर्मगुरू व धर्मशिक्षकांनी आणली. मुलांना हेही सांगायला हवे. मात्र "आम्ही त्यातले नाही" असे म्हणून हात झटकू नयेत, कारण ख्रिस्तसभा एक शरीर आहे.

चूक कबूल करण्याचे बळ

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ठामपणे शिकवले की, श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी करता येत नाही. १२ मार्च २००० रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या अपराधांबद्दल देवाची क्षमा मागितली. २०२३ साली व्हॅटिकनने पंधराव्या शतकातील त्या आज्ञापत्रांवर आधारलेली विचारसरणी उघडपणे नाकारली.

गेथशेमनी बागेत पेत्राने प्रभूच्या प्रेमापोटीच तलवार उपसली होती. प्रभूने त्याला ती म्यानात घालायला सांगितले आणि ज्याचा कान कापला गेला त्या शत्रूच्या सेवकाला बरे केले (लूक २२:५०-५१, योहान १८:१०-११). ख्रिस्ताच्या नावाने उगारलेल्या प्रत्येक तलवारीला प्रभूचे हेच उत्तर आहे.

आता मुलांनी विचारले तर सांगू या : "काही ठिकाणी बळजबरी झाली, ते पाप होते, आणि ख्रिस्तसभेने ते कबूल केले आहे. आपली श्रद्धा मात्र क्रूसावर क्षमा करणाऱ्या प्रभूवर आहे." हे उत्तर देताना आपला आवाजही चढू नये. शब्दांचीही तलवार होते.

घरी चर्चेसाठी

१. पेत्राने तलवार का उपसली? आपण ती केव्हा उपसतो?
२. दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याशी बोलताना आपण आधी ऐकून घेतो का?
३. या आठवड्यात कोणाची क्षमा मागायची राहिली आहे?