अदृश्य वायूंचा जमाखर्च

घाटकोपराहून चेंबूरपलीकडे गेलें म्हणजे ट्राँबेचीं उंच धुराडीं दिसूं लागतात. तेथील खतांचा कारखाना इ. स. १९६५ पासून चालू असून १९७८ पासून तो राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सरकारी कंपनीकडे आहे. धुराड्यावरील पांढरा लोट पाहून आपण ‘केवढा हा धूर!’ म्हणतों, पण तो पुष्कळदां नुसती वाफ असते. ज्या वायूंनीं पृथ्वी तापते ते डोळ्यांस दिसत नाहींत. मग त्यांचा हिशेब ठेवावा कसा, हें आम्ही येथें सांगणार आहों.

खताला अमोनिया हवा, अमोनियाला हायड्रोजन हवा, आणि तो नैसर्गिक वायूपासून काढतात. या वायूंत मुख्यतः मिथेन असतो. १६ भार मिथेनांतील कर्बापासून ४४ भार कार्बन डायॉक्साइड होतो. म्हणजे एका टनामागें पावणेतीन टन. नळांतून किती वायु आला तें मीटर सांगतो, बाकीचें काम त्रैराशिकाचें.

नत्राम्लाची गोष्ट निराळी. अमोनिया व हवा यांचें मिश्रण प्लॅटिनम व ऱ्होडियम यांच्या जाळीवरून सुमारें ८५० ते ९०० अंश उष्णतेंत नेलें म्हणजे नायट्रिक ऑक्साइड होतो व त्यापासून पुढें आम्ल. परंतु थोडा अमोनिया वाट चुकून नायट्रस ऑक्साइड बनतो. हाच दंतवैद्यांचा हसविणारा वायु. येथें मात्र तो हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. शंभर वर्षांच्या हिशेबानें त्याचा एक किलो २७३ किलो कार्बन डायॉक्साइडइतकी उष्णता अडवितो. मध्यम दाबाच्या यंत्रांत एक टन आम्लामागें तो सुमारें सात किलो धरतात. गुणाकार विद्यार्थ्यांनींच करावा. उत्तर दोन टनांच्या जवळ जाईल.

पण हे सात किलो सरासरीचे. जाळी जुनी झाली किंवा दाब बदलला कीं आंकडा बदलतो, आणि वहींत पाहून भागत नाहीं. म्हणून धुराड्यांतील हवा यंत्रांत घेऊन ती अवरक्त किरण किती शोषिते तें पाहतात, व त्यावरून निघालेलें प्रमाण प्रवाहाशीं गुणतात. जाळीखालीं दुसरा उत्प्रेरक ठेवल्यास या वायूचे नायट्रोजन व प्राणवायु होतात. क्योटोच्या १९९७ च्या करारांतून निघालेल्या योजनेखालीं ट्राँबेच्या नत्राम्ल-विभागांतही तो घटविण्याचे प्रकल्प नोंदविले गेले. त्या योजनेंत मोजलेली घट हीच विकावयाची वस्तु असे. मोजमाप खोटें तर मालही खोटा.

आमच्या मतें सर्वांत अवघड हिशेब युरियाचा. एक टन युरियांत ७३३ किलो कार्बन डायॉक्साइड बांधला जातो. कारखाना म्हणेल, ‘हा आम्हीं सोडलाच नाहीं’. आणि तें खरेंच आहे. पण युरिया शेतांत पडून विरघळला कीं तो वायु मोकळा होतो. यासाठीं आंतरराष्ट्रीय पद्धतींत तो कारखान्याच्या खात्यांतून वजा करून शेतीच्या खात्यांत मांडतात. शिवाय खतांतील नत्राचा कांहीं भाग मातींतील जंतूंमुळें पुन्हा नायट्रस ऑक्साइड होतो. शेताला धुराडें नाहीं. तेव्हां संशोधक जमिनीवर एक पेटी उपडी ठेवतात आणि ठराविक मिनिटांनीं पिचकारीनें आंतील हवा काढून तपासतात.