चप्पल हुंगवली आणि आकडी थांबली, मग चूक काय?

प्रश्न : झाशीच्या जुन्या शहरात आम्ही चौघीजणी मिळून बालवाडी चालवतो. घरात मराठी, दाराबाहेर बुंदेली, असं आमचं पिढ्यान् पिढ्या चाललं आहे. मागच्या महिन्यात साडेतीन वर्षांच्या एका मुलाला वर्गातच ताप चढला आणि आकडी आली. आमच्या सहायिकेने धावत जाऊन त्याच्या नाकाशी चप्पल धरली. मिनिटभरात तो शांत झाला. नंतर डॉक्टर म्हणाले, ‘चप्पल, कांदा, काही करायचं नाही.’ मी ऐकून घेतलं, पण आकडी थांबलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. मग खरं काय? आणि दुसरं : प्रथमोपचार शिकून घेऊ म्हटलं, तर बाकीच्या म्हणतात, ‘आपण डॉक्टर नाही. हात लावला आणि काही बरंवाईट झालं तर? त्यापेक्षा थेट दवाखाना गाठावा.’ त्यांना काय सांगू?
— एक बालवाडी शिक्षिका, झाशी

उत्तर : ताई, तुम्ही पाहिलंत ते खरंच आहे. चप्पल नाकाशी आली आणि आकडी थांबली, या दोन्ही गोष्टी घडल्या. फक्त पहिलीमुळे दुसरी घडली नाही.

तापातली आकडी साधारण सहा महिने ते पाच वर्षं या वयात येते, म्हणजे नेमकी तुमच्या अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या वयात. शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती कधी ना कधी येते. या वयातला मेंदू अजून घडत असतो. तापात त्यातल्या विजेच्या संदेशांचा मेळ काही वेळ बिघडतो. अंग ताठ होतं, हातपाय झटके देतात, डोळे वर जातात. आणि बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांच्या आत हे सगळं आपोआप थांबतं. आता त्या दिवशीचा क्रम आठवून पाहा. कोणीतरी किंचाळलं, बाकीची मुलं बाजूला केली, सहायिका दाराशी पळाली, चप्पल घेऊन आली. एवढ्यात मिनिट-दीड मिनिट गेलं. ती पोचली तेव्हा आकडी मुळातच ओसरत आली होती. त्या घटकेला तिच्या हातात कांदा असता तर कांद्याला यश मिळालं असतं, लोखंडी किल्ली असती तर किल्लीला.

म्हणूनच हे उपाय इतके चिवट आहेत. बालवाडीत काम करणाऱ्या बायकांना प्रथमोपचाराचं ज्ञान नसतं असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. ज्ञान भरपूर असतं, आजीकडून आलेलं आणि दर वेळी ‘गुण आला’ म्हणून पक्कं झालेलं. आमच्या घरी भाजलं की शाई ओतायचे. माझ्या मनगटावर उकळता चहा सांडला तेव्हा आईने अख्खी दौत रिकामी केली होती. फोड बरा झाला आणि शाईवरचा विश्वास वाढला. पाण्याखाली हात धरला असता तर फोड कदाचित लहान राहिला असता, पण न आलेला फोड कोणाला दिसणार?

चप्पल हुंगवल्याने इजा होते का, असं तुम्ही विचाराल. चपलेमुळे वेळ जातो, आणि नाकतोंडाशी काही धरलं की श्वासाला अडथळा होतो. खरा धोका तिच्या जोडीला येणाऱ्या गोष्टींचा. दातखीळ बसली म्हणून दातांत चमचा घालतात. दात तुटतो आणि तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. जीभ गिळली जाईल ही भीती खोटी आहे, जीभ गिळता येत नाही. तोंडात पाणी किंवा औषध घातलं तर ते फुप्फुसात उतरू शकतं.

करायचं ते इतकंच. मुलाला जमिनीवर निजवा, आजूबाजूचं टणक सामान दूर करा, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा, आणि कुशीवर वळवा म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर पडेल. झटके दाबून धरू नका. आणि घड्याळ बघा. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं, म्हणून काटा पाहिल्याशिवाय अंदाज बांधू नका. पाच मिनिटं झाली तरी झटके चालूच असतील, एक थांबून लगेच दुसरी आकडी आली, श्वास नीट चालत नसेल किंवा झटके थांबूनही मूल भानावर येत नसेल, तर १०८ला फोन. लवकर थांबली, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच; पहिल्यांदा आली असेल तर अजिबात टाळाटाळ नको.

तुमच्या गावासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मे २०२४मध्ये झाशीचा पारा ४९ अंशांपर्यंत गेला होता. अशा दिवसांत उन्हातून किंवा तापलेल्या पत्र्याखालून आलेलं मूल बरळायला लागलं, त्याचं अंग चटका बसावा इतकं गरम असेल, झटके येत असतील, तर तो साधा ताप समजू नका. तो उष्माघात असू शकतो. तिथे पाच मिनिटं मोजायची नाहीत. लगेच फोन, लगेच सावली, कपडे काढून अंगभर पाणी आणि पंखा. भाजलं तरी पाणीच, वीस मिनिटं, सलग. मात्र मे महिन्यात टाकीच्या नळाला जे पाणी येतं ते स्वतःच पोळतं. माठातलं घ्या. बर्फ नको, आणि टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांतलं काहीच नको.

घोळणा फुटला की आपण मान मागे टाकायला लावतो. रक्त घशात उतरतं आणि मूल उलटी करतं. मान पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं धरा, मध्ये सोडून बघू नका.

आता तुमच्या मैत्रिणींचं म्हणणं, थेट दवाखाना. आकडीत, भाजण्यात दवाखान्यापर्यंत पोचायला बहुधा सवड असते. घास अडकतो तेव्हा नसते. हवा पूर्ण बंद झाली की चारेक मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. मेडिकल कॉलेज कानपूर रस्त्यावर. खंडेराव गेटच्या आतल्या गल्लीतून रिक्षा काढून, बाजारातून वाट काढत चार मिनिटांत तिथे कोण पोचणार आहे? तेवढ्या वेळात त्या मुलाजवळ तुम्ही चौघी आणि सहायिका, एवढीच माणसं असणार.

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, तेच त्याचं औषध. ‘वर बघ’ म्हणत टाळूवर थापट्या मारू नका, दिसत नसताना तोंडात बोट घालू नका. घास आणखी आत जातो. आवाज बंद झाला, रडताही येईना, ओठ निळे पडायला लागले, की एकीने फोन करायचा आणि दुसरीने मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार तडाखे द्यायचे. नाही निघाला, तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून आत-वर असे पाच हिसके. पोटावरचा हा दाब हेन्री हाइमलिक या अमेरिकन डॉक्टरने १९७४मध्ये मांडला. मग पुन्हा तडाखे, पुन्हा हिसके, घास निघेपर्यंत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर मात्र कधीही दाब द्यायचा नाही. त्याला डोकं खाली करून हातावर पालथं घेऊन पाठीवर पाच, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. मूल बेशुद्ध पडलं तर छाती दाबून श्वास द्यावा लागतो. तो वाचून येत नाही, पुतळ्यावर हातांनीच शिकावा लागतो. घास निघाला तरी, पोटावर दाब दिला असेल तर नंतर डॉक्टरांना दाखवा. आणि मुलांच्या डब्यांकडे लक्ष ठेवा. शेंगदाणे, फुटाणे, बियांसकट बोरं या वयाला नकोत. बुंदेलखंडात बोरांच्या दिवसांत हे सांगणं अवघड आहे, ठाऊक आहे मला, तरी सांगा.

‘आपण डॉक्टर नाही’ या म्हणण्याला उत्तर असं की प्रथमोपचार मुळात डॉक्टर नसणाऱ्यांसाठीच घडवला गेला. १८७८मध्ये लंडनजवळच्या वुलिचला पीटर शेफर्ड नावाच्या लष्करी शल्यचिकित्सकाने साध्या नागरिकांचे वर्ग घेतले, तिथून हे शिक्षण पसरलं. आपल्याकडे १९४८च्या कारखाना कायद्यात दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि तिच्या ताब्यासाठी शिकलेला, जबाबदार माणूस हवा असं लिहिलं होतं. कामगार निदान ‘मला दुखतंय’ असं बोलू शकतो. तीन वर्षांच्या मुलाजवळ पेटी असून शिकलेलं माणूस नसावं, याचा मला राग येतो.

राहिली कायद्याची धास्ती. भारतीय न्याय संहितेचं कलम ३० (पूर्वीच्या दंडसंहितेचं ९२) सांगतं की संमती मिळवायला वेळ किंवा वाट नसताना एखाद्याच्या भल्यासाठी, सद्भावनेने केलेली कृती त्यातून इजा झाली म्हणून गुन्हा ठरत नाही. सद्भावना म्हणजे योग्य ती काळजी घेऊन केलेली कृती. शिकून घेतलेलं म्हणूनच तुमच्या बाजूचं. या कलमाखालचं एक उदाहरण तुमच्या मैत्रिणींना जरूर सांगा. घराला आग लागली आहे. आत एक माणूस आणि एक मूल. खाली लोक घोंगडी ताणून उभे आहेत. पडल्याने मूल दगावू शकतं हे ठाऊक असूनही तो माणूस, त्याला वाचवायच्या हेतूने, वरून खाली सोडतो. मूल गेलं तरी त्याने गुन्हा केलेला नाही, असं कायदा म्हणतो. दाखल होताना पालकांकडून तातडीच्या उपचारांची लेखी संमती, आधी कधी आकडी आली होती का, कशाची ॲलर्जी आहे का, आणि दोन फोन नंबर घेऊन ठेवलेत तर उरलीसुरली धाकधूकही कमी होईल.

शिकायला जाल तेव्हा सहायिकेला मागे ठेवू नका. खाऊच्या वेळी, नळाशी, शौचालयापाशी मुलांजवळ तीच असते, आणि त्या दिवशी सगळ्यांत आधी धावली तीही तीच. चपलेवरून तिला कोणी बोललं असेल तर आधी तिची समजूत काढा. मग दर दोन-तीन महिन्यांनी, मुलं घरी गेल्यावर, बालवाडीतली एखादी कापडी बाहुली घेऊन कुशीवर वळवायचा सराव करा, आणि फोन कोण करणार, घड्याळ कोण बघणार, बाकीच्या मुलांना अंगणात कोण नेणार, हे नावानिशी ठरवून टाका.