डॉक्टरकाका, साबण कुठे आहे?

गेल्या महिन्यात एका शाळेत आरोग्य तपासणीसाठी गेलो होतो. पोटदुखी, जुलाब आणि जंत यांच्या तक्रारी बऱ्याच आढळल्या. म्हणून तपासणी संपल्यावर मुलांना एक जुना कार्टूनपट दाखवला आणि त्याची गोष्ट मराठीतून सांगत गेलो.

हा चित्रपट 'क्लीनलिनेस ब्रिंग्ज हेल्थ', म्हणजे 'स्वच्छतेतून आरोग्य'. मिकी माऊसवाल्या वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने तो १९४५ साली तयार केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सरकारने लॅटिन अमेरिकेतील खेडुतांसाठी या स्टुडिओकडून अशा आरोग्यपटांची मालिकाच करून घेतली. १९४३ च्या 'विंग्ड स्कर्ज'मध्ये हिवताप पसरवणारा डास पकडायला 'स्नो व्हाइट'मधले सात बुटके येतात. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चित्रपटात शरीर म्हणजे एक शहर आणि लस म्हणजे त्याच्या रक्षणाची तयारी, असे दाखवले आहे.

या चित्रपटांची शिकवण्याची रीत आजही घेण्यासारखी आहे. डोळ्यांना न दिसणारा जंतू चित्रात दिसतो. एका चित्रपटात एकच धडा असतो. आमच्या मुलांनी पाहिलेल्या चित्रपटात दोन शेतकरी कुटुंबे आहेत, एक स्वच्छ आणि एक निष्काळजी. निष्काळजी घरातली माणसे उघड्यावर शौचाला जातात, ती घाण शेवटी त्यांच्याच ताटात पोहोचते आणि घरात आजारपण येते. मुले खदखदून हसली, पण गोष्ट त्यांना नेमकी कळली. 'हात कधी धुवायचे?' असे विचारताच सगळा वर्ग एका सुरात ओरडला, 'जेवणाआधी आणि शौचानंतर!'

मी खूश झालो. तेवढ्यात पाचवीतली एक मुलगी उभी राहिली. 'डॉक्टरकाका, आमच्या नळाजवळ साबण कुठे आहे?'

मधल्या सुट्टीत मी नळ पाहायला गेलो. चार तोट्यांपैकी एकीलाच पाणी होते. साबण नव्हता. त्या मुलीने एका वाक्यात त्या जुन्या चित्रपटाची उणीव दाखवून दिली होती. आजारी पडणारे घर 'निष्काळजी' असते, असे तो सांगतो. पण पुष्कळदा माणूस निष्काळजी नसतो, त्याच्या हाताशी साधनच नसते.

आपल्याकडची 'मीना' पुष्कळांना आठवत असेल. युनिसेफसाठी १९९० च्या दशकात मुंबईचे राम मोहन यांनी ती पडद्यावर आणली. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात कामाला लागलेले हे आपल्या देशातील कार्टूनपटांचे एक जनक. 'मीनाच्या तीन इच्छा' या भागात मीना स्वप्नात जे मागते ते शौचालय, शुद्ध पाणी आणि हात धुणे यांच्याशी संबंधित आहे. इथे मुलांना नुसता उपदेश नाही. चांगल्या सोयी मागायलाही हा चित्रपट शिकवतो.

वाचकहो, साबणाने हात धुण्याच्या सवयीने मुलांमधील जुलाबाचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होते, असे अभ्यासांतून दिसले आहे. इतके स्वस्त औषध माझ्या दवाखान्यात दुसरे नाही. म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१) साबणाचे उरलेले तुकडे जाळीच्या पिशवीत घालून ती पिशवी नळाला बांधावी. साबण हरवत नाही आणि मातीतही पडत नाही.

२) साबण परवडत नसेल तर बाटलीभर पाण्यात थोडी कपडे धुण्याची पावडर विरघळवावी आणि झाकणाला भोक पाडावे. त्या पाण्याने हात धुता येतात. बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहावे, म्हणजे कुणी चुकून पिणार नाही.

३) तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या आणि नखे किमान २० सेकंद चोळावीत. नखे दर आठवड्याला कापावीत.

४) पालक सभेला गेलात की आधी शाळेचा नळ आणि शौचालय पाहावे, मग प्रगतिपुस्तक.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्या शाळेत गेलो. नळाला दोन जाळीच्या पिशव्या लटकत होत्या आणि त्यांच्याजवळ रांग लागली होती. तीन तोट्या अजून कोरड्याच होत्या. त्यांच्यासाठी मुख्याध्यापकांनी अर्ज लिहिला आहे. खाली पालकांच्या सह्या आहेत, आणि माझीही.