मॅकलॉफ्लिनची गिटार आणि वलगावची खंजिरी

प्रश्न : आमचं भजनी मंडळ आहे, मी त्यात खंजिरी वाजवतो. पुतण्या अमरावतीला कॉलेजात आहे, त्याला गिटारचा भारी नाद. परवा त्यानं मोबाइलवर जॉन मॅकलॉफ्लिन नावाच्या इंग्रज माणसाचं वादन ऐकवलं. हातात गिटार, पण मींड निघते सतारीसारखी! दुसऱ्या एका तुकड्यात तर साथीला चक्क खंजिरी. पुतण्या म्हणते, सगळी करामत गिटारची अन् पेडलची. तशीच गिटार घेऊन द्या. त्याचे दोस्त म्हणतात, या माणसाचं खरं काम जुन्या रॉक बँडमधलं, बाकीचं फुकट. तर मला विचारायचं आहे, तो आवाज तसा काहून येते? तशी गिटार मिळते का? आणि त्यांची खंजिरी अन् आपली खंजिरी एकच का?
— एक खंजिरीवाले, वलगाव, जि. अमरावती

उत्तर : पुतण्याच्या दोस्तांचं भांडण जुनं आहे. मॅकलॉफ्लिनचे चाहते जगभर याच मुद्द्यावर हमरीतुमरीवर येतात, म्हणून आधी तेच निस्तरू.

हा माणूस इंग्लंडातल्या यॉर्कशायरचा, जन्म १९४२ चा, आई व्हायोलिन वाजवणारी. १९६९ मध्ये अमेरिकेत गेला आणि पोचतो न पोचतो तोच माइल्स डेव्हिससारख्या जॅझमधल्या दिग्गजाच्या ध्वनिमुद्रणात बसला. १९७१ मध्ये त्यानं 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' काढला. नाव वाचून कीर्तनकारांचा ताफा डोळ्यांपुढे येईल, पण 'महाविष्णू' हे त्याला त्याचे गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं नाव. बँड मात्र कानठळ्या बसवणारा. ड्रमवर बिली कोबहॅम, व्हायोलिनवर जेरी गुडमन, की-बोर्डवर यान हॅमर, बासवर रिक लेयर्ड आणि मॅकलॉफ्लिनच्या गळ्यात दोन मानांची गिब्सन गिटार, एका मानेला बारा तारा, दुसरीला सहा. जॅझवाले त्यांना रॉकवाले म्हणत आणि रॉकवाले जॅझवाले. प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणाऱ्यांनी मात्र त्यांना आपलं मानलं, कारण चार-चारच्या ठेक्यात न अडकणारं संगीत त्यांना हवंच होतं. 'बर्ड्स ऑफ फायर' ही त्यांची रचना अठरा मात्रांची आहे. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर वाढलेला माणूस ती ऐकताना समेवर मान डोलवायला जातो आणि फसतो.

त्या काळातला आवाज खरोखरच यंत्राचा होता, तेवढ्यापुरतं पुतण्याचं बरोबर. मार्शल कंपनीचा शंभर वॅटचा व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर पूर्ण चढवला की व्हॉल्व्हना तो भार पेलत नाही. आवाजाची टोकं छाटली जातात, त्याला खरखरीत धार येते. शिवाय मोठा आणि बारीक आवाज जवळजवळ एका पातळीवर येतात, त्यामुळे छेडलेली तार लवकर विझत नाही आणि सूर लांबतो. आजकालची पेडलं बहुतेक हेच काम स्वस्तात आणि शेजाऱ्यांशी भांडण न होता करून देतात. पण तुम्हाला जी सतारीसारखी मींड आवडली, तिच्यात यातलं काहीच नाही. ती लाकडाच्या गिटारची आहे आणि त्या गिटारीची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी.

महाविष्णूच्या गोंगाटात असतानाच मॅकलॉफ्लिन अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकत होता. तिथंच त्याला व्हायोलिनवादक एल. शंकर भेटले. आपले माहीमचे झाकीर हुसेन तेव्हा कॅलिफोर्नियात अली अकबर खाँसाहेबांच्या संस्थेत तबला शिकवत होते. या मंडळींत घटमवादक टी. एच. विनायकराम आले आणि 'शक्ती' हा संच उभा राहिला. ५ जुलै १९७५ ला न्यूयॉर्कजवळच्या साउथहॅम्प्टन कॉलेजात त्यांची मैफल झाली, तीच त्यांची पहिली तबकडी. त्या मैफलीत आर. राघवन मृदंगावर होते.

आता अडचण बघा. तबला आणि मातीचा घट यांच्यापुढे शंभर वॅटचा अॅम्प्लिफायर म्हणजे साथीदारांचा गळा दाबणं. म्हणून मॅकलॉफ्लिननं तो बाजूला ठेवला आणि साधी, लाकडी पोटाची गिटार घेतली. पण साध्या गिटारीवर मींड धड येत नाही. सतारीचे पडदे धनुष्यासारखे उचललेले असतात, त्यांच्यावर तार बाजूला ओढत नेली की चार-पाच स्वर सहज चढतात. वीणेचे पडदेही उंच, मेणात बसवलेले. गिटारीचे पडदे मात्र ठेंगणे. बोट तारेसकट लाकडाला टेकतं, घासतं आणि तार पुरती पकडीत येत नाही.

यावरचा उपाय गिब्सन कंपनीत काम करणारे कारागीर अब्राहम वेक्टर यांच्यासोबत निघाला. गिटारीच्या मानेवर दोन पडद्यांमधलं लाकूड कोरून काढलं. प्रत्येक दोन पडद्यांत एक उथळ खळगी. आता बोटाखाली लाकूडच नाही, नुसती तार. ती घट्ट पकडता येते, बाजूला ओढता येते, खाली दाबूनही स्वर चढवता येतो. ताण वाढला की स्वर चढतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. गमक असा दाबून येतो, मींड ओढून. पण याची किंमतही चुकवावी लागते. अशा मानेवर बोट जरा जास्त दाबलं गेलं की साधा स्वरसुद्धा चढा लागतो. म्हणजे हात अत्यंत हलका हवा. ज्याचा सूर मुळात पक्का नाही, तो या गिटारीवर आधीपेक्षा जास्त बेसूर वाजेल.

दुसरी भर म्हणजे सात जादा तारा. या मुख्य तारांखालून, गिटारीच्या गोल भोकावरून तिरप्या जातात. रागाप्रमाणे त्या लावून घ्यायच्या. वरची तार वाजली की खालच्या आपोआप झणकारतात, आणि मनात आलं की त्यांच्यावरून हात फिरवून स्वरमंडलासारखी झुळूकही काढता येते. तुमच्या कानाला सतार वाटली ती या तरफांच्या झणकारामुळे आणि त्या खळग्यांमुळे. पेडल शोधायला गेलात तर पायाशी काहीही सापडणार नाही.

मिळते का, तर तशी तयार गिटार दुकानात मागायला जाऊ नका. खळग्या पाडलेल्या मानेच्या इलेक्ट्रिक गिटारी मिळतात. रिची ब्लॅकमोर आणि इंगवे मामस्टीन या रॉकवाल्यांनी ती पद्धत लोकप्रिय केली. पण सात तरफांचं ते लाकडी वाद्य एका माणसाच्या गरजेसाठी बनवलेलं. आणि पुतण्याला एवढं बजावून सांगा : आहे त्या गिटारीची मान कानस घेऊन घासायची नाही. एकदा कोरलेलं लाकूड परत भरता येत नाही. बारीक तारांची जोडणी आणि वर्षभराचा रियाज यातून जेवढी मींड निघेल तेवढी आधी काढावी.

आता तुमच्या खंजिरीकडे. पुतण्यानं तुम्हाला बहुधा दोन वेगवेगळ्या काळांतले तुकडे ऐकवले. जुन्या 'शक्ती'त विनायकराम घटमाबरोबर अधूनमधून खंजिरा हाती घेत. पण १९७७ नंतर तो संच थांबला, आणि १९९७ मध्ये 'रिमेंबर शक्ती' नावानं परतला तेव्हा आधी बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आले, पुढे मँडोलिनवर यू. श्रीनिवास आणि खंजिऱ्यावर व्ही. सेल्वागणेश, म्हणजे विनायकरामांचेच चिरंजीव. या खंजिऱ्याला खरी मानाची जागा मिळाली ती तेव्हापासून.

दोन्ही वाद्यं एकाच घराण्यातली, पण स्वभाव वेगळा. दक्षिणेतला खंजिरा वीतभर रुंदीचा, कडं फणसाच्या लाकडाचं आणि त्यात झांजांची एकच खाच. कातडं पूर्वी घोरपडीचं असे. घोरपडीला वन्यजीव कायद्याचं संरक्षण असल्यानं आता बकऱ्याचं किंवा कृत्रिम वापरतात. वाजवण्याआधी कातड्याला आतून पाण्याचा हात लावतात, म्हणजे ते सैल पडतं आणि आवाज खाली उतरतो. मग डाव्या हाताची बोटं काठाजवळ दाबत-सोडत राहिली की तो हुंकारतो, तबल्याच्या बायासारखी घुमारी देतो. सेल्वागणेश यांच्या त्या एवढ्याशा कड्यातून जो खर्ज निघतो, तो ऐकून हे वाद्य एका हातात मावतं यावर विश्वास बसत नाही. आपली वऱ्हाडी खंजिरी याच्या उलट. आपण कातड्याला ताव देऊन ते कडक करतो, झांजा कड्याला चौफेर असतात आणि हजारभर माणसांच्या सभेत शेवटच्या ओळीपर्यंत पोचेल असा तिचा कडकडाट असतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी यावलीपासून मोझरीच्या गुरुकुंजापर्यंत आणि तिथून १९५५ मध्ये जपानच्या धर्मपरिषदेपर्यंत हीच खंजिरी नेली. ती शब्द पोचवण्यासाठी वाजते. दक्षिणेतला खंजिरा मृदंगाशी सवाल-जवाब करण्यासाठी.

पेडलवाल्यांना एक गोष्ट सांगायची तर त्यासाठी अकोल्यापलीकडे जावं लागत नाही. अकोटकडचे सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवतात; सप्तखंजिरीवादक म्हणूनच त्यांची ओळख. एका खंजिरीत जेवढं होत नाही ते काढण्यासाठी त्यांनी बाजारातून यंत्र आणलं नाही, आहे तेच वाद्य सातपट केलं. मॅकलॉफ्लिननं गिटार कोरली ती याच हिशेबानं.

म्हणूनच पुतण्याच्या दोस्तांशी माझं जमत नाही. त्याचा आवाज वेळोवेळी बदलला, आणि बहुतेक वेळी बदलण्याचं कारण सोबतीचा माणूस होता. १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पाको दे लुसिया आणि अल दी मिओला या गिटारवादकांबरोबर बसला तेव्हा त्याच्या हाती पुन्हा लाकडी गिटार होती. १९८४ मध्ये महाविष्णूचं नाव पुन्हा घेतलं तेव्हा संगणकाला जोडलेली सिंक्लाव्हियर गिटार आणली. ती तबकडी मला स्वतःला थंड वाटते. 'रिमेंबर शक्ती'त त्यानं इलेक्ट्रिक गिटार घेतली, तीही मवाळ, जवळजवळ बासरीसारखी गोलसर. तरफांचा झणकार तिथं नाही, आणि मला त्याची उणीव भासते. पण श्रीनिवास यांच्या मँडोलिनच्या टोकदार आवाजाशेजारी गिटार गोल करणंच शहाणपणाचं होतं, हेही मान्य.

आणि या संचात आपलाही माणूस आहे. चेंबूरचे शंकर महादेवन हे श्रीनिवास खळे यांचे शिष्य. मराठी भावगीतातल्या सर्वात अवघड चाली बांधणाऱ्या खळेकाकांकडे शिकलेला गळा मॅकलॉफ्लिनच्या गिटारीशी बोलतो. २०२३ मध्ये 'शक्ती'ची 'धिस मोमेंट' ही तबकडी निघाली. १९७७ नंतर स्टुडिओत केलेली ही त्यांची पहिलीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीरभाई गेले.

तुम्ही विचारलं नाही, पण पत्राच्या मागं एक प्रश्न दिसतो : काका-पुतण्या एकत्र वाजवू शकतात का? जरूर. तुमचं मंडळ काळी दोनमध्ये गात असेल तर पुतण्याला सांगा, सगळ्यात जाड तार 'ई'वरून 'डी'वर उतरव आणि पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे साऱ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लाव. जाडीकडून पहिल्या तीन मोकळ्या तारा मग सा-प-सा बोलतील. तानपुऱ्याचं काम झालं. काळी एकमध्ये गात असाल तर कॅपो नको, जाड तार तशीच 'डी'वर उतरवून मग साऱ्या तारा अर्धा स्वर खाली घ्यायच्या. एक पथ्य मात्र पाळायचं. प्रत्येक ओळीखाली कॉर्ड ठोकत सुटायचं नाही, त्यानं भजनाची चाल सपाट होते. आधी नुसता षड्ज धरायचा, खंजिरीचा ठेका कानात मुरू द्यायचा, मग ओळ संपते तिथं दोन-चार स्वरांची जागा भरायची. आणि तुम्हीही झांजांचा हात जरा आवरा, नाहीतर गिटार ऐकूच येणार नाही.

ऐकण्याचा क्रम विचाराल तर १९७५ ची साउथहॅम्प्टनची मैफल आधी, 'धिस मोमेंट' मग, आणि 'बर्ड्स ऑफ फायर' सगळ्यात शेवटी, घरातली म्हातारी माणसं झोपायच्या आत.

जाता जाता वाचकांना एक विनंती. वऱ्हाडात खंजिरी हातानं बनवणारे, कड्याला कातडं चढवणारे कारागीर अजून काम करत असतील. अमरावती, अकोला, यवतमाळकडच्या कोणाला असे कारागीर ठाऊक असतील तर लाकूड कोणतं, कातडं कसं कमावतात, झांजा कुठून आणतात हे त्यांना विचारून आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या एखाद्या अंकात ते याच सदरात छापू.